माझा नंबर कधी लागणार?

हॉस्टेलला आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. गेटबाहेरच्या स्टेशनरीवाल्या काकांनी ड्रॉइंग शीट्स, पेन्सिली, सेलोटेप असं सगळं पिशवीत घातलं आणि म्हणाले, "एकोणऐंशी झाले, ताई." मी मोठ्या आत्मविश्वासाने एकोणसत्तर रुपये मोजून त्यांच्या हातावर ठेवले. काकांनी मोजले. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मोजले. "दहा कमी हाईत की ओ." मला वाटलं हा माणूस नवीन मुलगी बघून फसवतोय! मागे उभी असलेली एक मुलगी फिस्सकन हसली आणि म्हणाली, "सेव्हंटी नाईन म्हणालेत ते, सेव्हंटी नाईन."

वाचकहो, मी दहावीपर्यंत ठाण्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आकडा आला की जीभ आपोआप रूळ बदलते. एकोणतीस, एकोणचाळीस इथपर्यंत मी कशीबशी यायचे. त्यापुढे सगळं धुकं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचायला सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! टीव्हीवर सगळे त्या तज्ज्ञांना हसत होते. माझ्या मनात मात्र आलं होतं, चला, कुणीतरी आपला विचार केला.

शेवटी माझे आकडे सुधारले ते दुकानांतल्या साउंड बॉक्समुळे. आपण स्कॅन करून पैसे दिले की तो डबा खणखणीत आवाजात मराठीतून रक्कम जाहीर करतो ना, तो माझा गुरू. मोबाइलवर ७९ दिसायचं आणि डबा म्हणायचा 'एकोणऐंशी'. असे वर्षभर पैसे घालवून मी शंभरपर्यंतचे मराठी आकडे शिकले. महाग ट्यूशन होती, पण पक्की!

महाग का, ते सांगते. घरून मला महिन्याच्या एक तारखेला ६,००० रुपये येतात. त्यातले २,८०० मेसचे. उरले ३,२००. आकडा बघून कुणीही म्हणेल, चैन आहे. पण फर्स्ट इयरला माझे पैसे वीस तारखेला संपायचे. कुठे जायचे, विचारलं तर सांगता यायचं नाही. मिसळ खाल्ली, रंकाळ्यावर भेळ खाल्ली, महाद्वार रोडला नुसतं बघायला गेलो आणि कानातले घेऊन आलो, एवढं आठवायचं. बाकीचं नुसतं 'स्कॅन'. नोट देताना हाताला काहीतरी कळतं तरी. स्कॅन करताना फक्त 'टुंग' होतं आणि आपल्याला उगाच काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं.

सेकंड इयरला बाबांनी सांगितलं, वही घाल. मी वही घातली. चार रकाने केले : खाणं, प्रवास, अभ्यास आणि इतर. वर्षाअखेर बेरीज केली तर सगळ्यात मोठा आकडा निघाला 'इतर'चा! आता 'इतर' म्हणजे काय? पावसाळ्यात वाहून गेलेल्या छत्रीऐवजी दुसरी छत्री. सर्व्हे प्रॅक्टिकलला उन्हात उभं राहायचं म्हणून टोपी. लॅबमध्ये फुटलेल्या मेजरिंग सिलिंडरचे पैसे. ट्रॅडिशनल डेच्या नऊवारीचं भाडं. जर्नलचं स्पायरल बाइंडिंग, आणि ते सरांनी परत केल्यावर पुन्हा बाइंडिंग. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निरोप, गणपतीची वर्गणी, शिवजयंतीची वर्गणी. मे महिन्यात हौसेने घेतलेली कोल्हापुरी चप्पल जूनमध्ये घालता येत नाही, म्हणून प्लॅस्टिकची चप्पल. प्रत्येक खर्च येताना 'अरे, हे कुठून आलं' असाच यायचा. पण गणपती दर वर्षी येतात. पाऊसही येतो. मग यात अचानक काय होतं, सांगा बरं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला माझ्या रूममेटने. ती शिरोळ तालुक्यातली. हॉस्टेलमध्ये नावापेक्षा गाव चालतं, त्यामुळे ती सगळ्यांची शिरोळकरीण आणि मी 'कॉन्व्हेंट'. दुकानात मागे उभं राहून फिस्सकन हसणारी ती हीच. मला आधी तिची भाषाच कळायची नाही. "मी जातो", "मी जेवलो", "मी आलो की मग बोलूया" असं ती बोलायची. मला वाटायचं, ही मस्करी करते. मग कळलं, इकडच्या मुली असंच बोलतात. आता सुट्टीत घरी गेल्यावर मीसुद्धा "येतो मी" म्हणते आणि आई कपाळाला हात लावते.

शिरोळकरणीकडे वही नाही. पण तिचे पैसे वीस तारखेला संपत नाहीत. याचं कारण मला फार उशिरा कळलं. माझ्याकडे पैसे महिन्यातून एकदा येतात, तिच्याकडे तीनदा. तिच्या घरी दोन म्हशी आहेत. दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्यातून पेंड आणि घरखर्च भागवून आई तिला सातशे, कधी आठशे, कधी सहाशे पाठवते. म्हणजे तिचा महिना दहा दिवसांचा! दहा दिवस पुरवायचे हे तिच्या अंगातच आहे. आणि मोठे पैसे, म्हणजे मेसचं डिपॉझिट, कपडे, लग्नकार्य, घराचं छप्पर, ते सगळं उसाच्या बिलावर. ऊस गेला की कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं लिहिलेलं आहे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजासकट. मी हे ऐकून म्हटलं, "मग चांगलंच आहे की!" त्यावर ती नुसती हसली. बिल येतं तेव्हा आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं करून घेतलं जातं, मग उरलेलं हातात पडतं. आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये पगार एक दिवस लांबला तरी लोक चिडचिड करतात. शिरोळमध्ये लोक वर्षाचा पगार एकदा घेतात, आणि तोही कापून!

आता इथे थोडं इंजिनिअरिंग, कारण आपलं मासिक इंजिनिअरिंग कॉलेजचं आहे. आम्ही सिव्हिलवाले आर.सी.सी. डिझाइनला आय.एस. ४५६ वापरतो. त्यात स्टीलला सेफ्टी फॅक्टर १.१५ आणि काँक्रीटला १.५. का बरं? स्टील कारखान्यात बनतं, त्याच्या ताकदीचा बराचसा भरवसा असतो. काँक्रीट साइटवर बनतं. पाणी जास्त पडलं, क्युअरिंग कमी झालं, वाळूत माती निघाली, काहीही होऊ शकतं. ज्याचा भरवसा कमी, त्याला जास्त राखून धरायचं. सरांनी हे शिकवलं त्या दिवशी मी शिरोळकरणीकडे बघितलं. माझ्या बाबांचा पगार म्हणजे स्टील. तिचा ऊस म्हणजे काँक्रीट. आणि गंमत अशी की कसलाही कोड न वाचता तिची आई दीडच्या फॅक्टरने घर चालवत होती. मी १.१५ सुद्धा ठेवत नव्हते.

तिच्या ट्रंकेत तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली एक पाचशेची नोट होती. तिला ती 'पुराची नोट' म्हणायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती शाळेत होती. त्या वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली होती, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर! हायवे शिरोलीजवळ बंद, ए.टी.एम.मध्ये पैसे नाहीत, पेट्रोल नाही. बँकेत पैसे आहेत पण हातात नाहीत, अशी लोकांची गत झाली. तिच्या आईने तांदळाच्या डब्यातली पिशवी काढली आणि त्यावर त्यांचे ते दिवस निघाले. मग २०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हापासून त्या घरात प्रत्येकाने आपापली पुराची नोट ठेवायची असा नियम आहे. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला 'इमर्जन्सी फंड' म्हणतात. पण मला 'पुराची नोट' जास्त आवडतं. ऐकल्याबरोबर कळतं की ती पिझ्झ्यासाठी नाही.

असो. तर थर्ड इयरच्या सुरुवातीला, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, आमच्या मजल्यावर भिशी सुरू झाली. कल्पना अर्थातच शिरोळकरणीची. कोल्हापुरात भिशी कुणाला सांगावी लागत नाही. तालमीत भिशी, गल्लीत भिशी, बायकांची भिशी, दुकानदारांची भिशी. मला मात्र भिशी म्हणजे आईच्या मैत्रिणींची ढोकळा पार्टी एवढंच माहीत होतं. नियम सोपा. बारा मुली, महिना तीनशे. पाच तारखेला रात्री मेसनंतर आमच्या रूमवर जमायचं, स्टीलच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिचा नंबर लागेल तिला ३,६०० रुपये. एकदा लागला की चिठ्ठी बाद. पैसे मात्र बारा महिने भरायचे. मला खजिनदार केलं. कारण काय, तर कॉन्व्हेंटवाल्यांचे हिशेब नीट असतात! माझी वही कुणी पाहिली नव्हती हे बरं.

मी आधी जरा नाक मुरडलं. ३,६०० भरायचे आणि ३,६०० च घ्यायचे, यात मिळालं काय? व्याज तर नाहीच. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या सरांना विचारलं, तर त्यांनी पूर्ण तास यावरच घेतला. (त्या दिवशीचं लेक्चर राहिलेल्यांनी मला क्षमा करावी.) सर म्हणाले, एकटी साठवशील तर ३,६०० व्हायला बारा महिने लागतील, आणि तुम्हा प्रत्येकीला बाराच लागतील. भिशीत एकीला पहिल्या महिन्यात मिळतील, एकीला दुसऱ्या, अशी सरासरी काढ. मी काढली. एक ते बाराची बेरीज ७८, भागिले बारा, साडेसहा महिने. सगळ्यात शेवटचीचंसुद्धा नुकसान नाही, तिला बाराव्या महिन्यातच मिळणार होते. बाकी अकरा जणींना लवकर. पैसे तेवढेच, वेळ मात्र वाचला! १९९३ मध्ये बेस्ली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर मोठा पेपर लिहिलाय म्हणे. इंडोनेशियात याला अरिसान म्हणतात, मेक्सिकोत तांदा, पश्चिम आफ्रिकेत सुसू. केरळात तर चिट्टी चालवायला राज्य सरकारचीच कंपनी आहे, १९६९ पासून. आणि सर जाता जाता हेही म्हणाले, की ओळखीबाहेरच्या माणसांच्या भिशीत पैसे घालू नका, लिलावाच्या भिशीत तर अजिबात नाही. त्यासाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे, आणि तो करावा लागला याला कारणं आहेत. बारा जणी एकाच मजल्यावर राहतात, एकाच नळाला बादल्या लावतात, पळून कुठे जाणार, एवढीच आमची हमी.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीने सायकल दुरुस्त केली, एकीने घरी पाठवले, एकीने काय केलं ते आम्ही विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझा लॅपटॉप पलंगावरून पडला. स्क्रीन गेली. राजारामपुरीतल्या दुकानदाराने उघडून बघितला आणि सांगितलं, ४,७००. माझ्याकडे होते ११०० रुपये आणि दहा दिवसांवर मिनी प्रोजेक्टच्या ड्रॉइंग्जचं सबमिशन. तुम्ही म्हणाल, घरी फोन करायचा. तोच करता येत नव्हता. आदल्या वर्षी मी बाबांकडून लॅपटॉपच्या एक्स्टेंडेड वॉरंटीसाठी म्हणून साडेतीन हजार रुपये घेतले होते आणि ते गोव्याच्या ट्रिपमध्ये घातले होते. वहीत ते 'अभ्यास' या रकान्यात लिहिलेले आहेत. आता दुरुस्तीला पैसे मागितले की बाबा पहिला प्रश्न विचारणार, वॉरंटीचं काय झालं? या अंकाची एक प्रत घरी जाणारच आहे, तेव्हा बाबा, हे असं झालं.

पाच तारखेला रात्री तांब्यातून चिठ्ठी निघाली ती शिरोळकरणीची. मी कोपऱ्यात बसून नोटा मोजत होते आणि माझा चेहरा बहुतेक सगळं सांगत होता. तिने चिठ्ठी बघितली, क्षणभर हातात धरली आणि म्हणाली, "हिचं नाव लिही. माझं मी हिच्या नंबरला घेतो."

मी म्हटलं, "अगं, पण तुला..."

"तुझं सबमिशन हाय न्हवं? मग घे की. माझं काय, बघू."

मी घेतले. ३,६०० आणि ११००, बरोबर ४,७००. स्क्रीन आली, सबमिशन झालं, सरांनी ड्रॉइंग्ज चांगली आहेत म्हणून सांगितलं. आमच्या कॉलेजची कॅड लॅब संध्याकाळपर्यंत उघडी असते. आठवडाभर तिथे बसून ते काम झालं असतं, हे मला नोव्हेंबरमध्ये सुचलं. ऑक्टोबरमध्ये फक्त एवढंच दिसत होतं की माझा लॅपटॉप बंद आहे. आणि तिला भिशीचे पैसे कशासाठी पाहिजे होते, हे मी विचारलंच नाही.

त्याच दिवसांत माझं तिच्याशी एक बारीकसं भांडणही झालं होतं. ती वर्गात लिहायची नाही. रूमवर आली की माझी वही मागायची आणि रात्री उतरवून काढायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "तू स्वतः का लिहीत नाहीस गं? बसून काय करतेस?" ती काही बोलली नाही. दोन दिवस वही मागितली नाही, मग पुन्हा मागितली.

नोव्हेंबरमध्ये एकदा मेसवाल्या काकूंना द्यायला माझ्याकडे सुटे नव्हते. नेटवर्क गेलेलं, स्कॅन होत नव्हतं. मी गमतीने म्हटलं, "काढ तुझी पुराची नोट!"

"न्हाई ती."

"नाही म्हणजे?"

"डोळ्याच्या डॉक्टरला दिली की. सप्टेंबरात."

मग ट्रंकेतून कागद निघाला. उजवा डोळा उणे २.७५, डावा उणे ३.२५. तिच्या डोळ्यांवर होता तो बारावीतला, उणे दीडचा चष्मा. म्हणजे सप्टेंबरपासून, कदाचित त्याच्या आधीपासून, तिला तिसऱ्या बाकावरून फळा दिसतच नव्हता. के.एम.टी.च्या बसचा बोर्ड मला वाचायला सांगायची ते मी आळस समजत होते. दुकानदाराने फ्रेम आणि काचांचे २,४०० सांगितले होते. भिशीचा नंबर लागला की करायचा, असं तिने ठरवलं होतं. नंबर लागलाही होता.

"मग सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

ती म्हणाली, "तू कुठं इचारलंस?"

रागाने नाही म्हणाली. सहज म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

खरं म्हणजे तिच्या घरी परिस्थिती अशी की शिक्षणाचा मोठा खर्च सुटलेला आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं, तिला ते मिळतं. एस.टी.ला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे घरी जाणंही स्वस्त. त्यामुळे तिच्या आईवडिलांना वाटतं, पोरीचं सगळं फुकट चाललंय. आणि ती त्यांना तसंच वाटू देते. पण चष्म्याची काच कुठल्या योजनेत बसत नाही. झेरॉक्स बसत नाही. मोठ्या पुलाचं डिझाइन नीट झालं आणि बेअरिंगवर पैसे कमी पडले, असं काहीसं.

आपल्या कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये इथे पहिलं बोर्डिंग काढलं आणि मग एकामागून एक निघाली. त्या वातावरणात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, आणि तिथल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. हे आपण सगळ्यांनी भाषणांत ऐकलंय, मी तर एकदा वक्तृत्व स्पर्धेत (इंग्रजीतून!) म्हटलंसुद्धा. तेव्हा ते मला त्यागाचं उदाहरण वाटायचं. नोव्हेंबरनंतर मी वेगळाच विचार करायला लागले. त्या मुलांपैकी कुणाला त्या रात्री माहीत असेल का, ताटातली भाकरी कशातून आली? की ती माझ्यासारखीच जेवून अभ्यासाला बसली असतील?

मी घरी फोन केला. स्क्रीन फुटल्याचं सांगितलं, गोव्याचं नाही. बाबांनी वॉरंटीचं विचारलं, मी म्हटलं 'त्यात स्क्रीन येत नाही'. (दुसरं खोटं.) त्यांनी दोन हजार पाठवले. मी ते लगेच ए.टी.एम.मधून काढून शिरोळकरणीसमोर ठेवले. तिने हातही लावला नाही.

"तुझ्या बाबांचं पैसे मी कशाला घेऊ? भिशीचं भिशीतनं येऊ दे."

"अगं, पण माझा नंबर जूनमध्ये लागला तर?"

"तर जूनमधी."

मग मी गुपचूप बाकी दहा जणींना सांगितलं. ठरलं की डिसेंबरची भिशी चिठ्ठी न काढता तिलाच द्यायची. पाच तारखेला मी तसं जाहीर केलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "चिठ्ठी काढा," ती म्हणाली, "न्हाईतर मी भिशीतनं बाहेर पडतो." चिठ्ठी काढली. भलत्याच मुलीचा नंबर लागला आणि ती बिचारी पैसे घेताना रडवेली झाली. त्या रात्री शिरोळकरीण माझ्याशी बोलली नाही. तिची गोष्ट मी दहा जणींना तिला न विचारता सांगितली होती, हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. (हा लेख मात्र तिला आधी वाचून दाखवलाय. तिने दोन ठिकाणी काट मारली आणि म्हशींची संख्या दुरुस्त केली.)

शेवटी तिने एकच गोष्ट मान्य केली. आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसायला लागलो. आता बॅकबेंचर म्हणून माझी काय ख्याती होती हे डिपार्टमेंटमध्ये कुणालाही विचारा. पहिल्या बाकावर बसल्यावर डुलकी घेता येत नाही, सरांच्या खडूची पावडर वहीवर पडते आणि प्रत्येक प्रश्न आपल्यालाच विचारला जातो. तिथूनही तिला बारीक अक्षर दिसायचं नाही, तेव्हा मी हळू आवाजात वाचून दाखवायचे. सरांना वाटायचं आम्ही गप्पा मारतोय. दोनदा बाहेर काढलं. तिसऱ्यांदा तिने उभं राहून कारण सांगितलं. सर काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून फळ्यावरची अक्षरं दुप्पट झाली.

त्यांचा ऊस डिसेंबरअखेर तुटला. बिल चौदा दिवसांत नाही, पण जानेवारी संपायच्या आत आलं. सोसायटीचं वळतं होऊन उरलेल्यातून वडिलांनी तिला अडीच हजार दिले. शनिवारी जाऊन तिने चष्मा केला. येताना के.एम.टी.त खिडकीत बसून ती दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचत होती, लोक वळून बघत होते. रूमवर आल्यावर माझ्याकडे नीट निरखून म्हणाली, "तुझ्या नाकावर तीळ हाय व्हय?"

बाबांचे दोन हजार माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. वहीत ते कुठल्या रकान्यात घालायचे कळत नाही म्हणून लिहिलेले नाहीत.

आणि भिशी चालूच आहे. फेब्रुवारीपर्यंत आठ चिठ्ठ्या निघाल्या. चार उरल्या, त्यातल्या एकीवर माझं नाव आहे, म्हणजे तिचं. खजिनदार म्हणून चिठ्ठ्यांच्या घड्या मीच घालते. माझ्या चिठ्ठीचा एक कोपरा फाटलेला आहे आणि तो तांब्यात हाताला लागतो, हे मला माहीत आहे. तिला कसं कळलं देव जाणे, पण गेल्या महिन्यात चिठ्ठी काढायला तिने फर्स्ट इयरची एक मुलगी बोलावून आणली आणि मला सांगितलं, "तू नुसतं पैसे मोज."

चष्मा झालाय, तेव्हा आता त्या पैशांचं काय करणार, असं मी यावेळी विचारलं. ती म्हणाली, आधी पाचशेची नोट ट्रंकेत. मग तुला गंगावेशीला नेतो, समोर म्हैस पिळून देतात ते दूध पाजतो. उरलेल्याचं बघू.

पुढची चिठ्ठी पाच मार्चला, रात्री नऊ वाजता, मेसनंतर.